काजूगरांची उसळ आणि हातांवरचे डाग

होळीच्या आसपास कोकणातल्या नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस एकाच पदार्थाने भरून जातात: ओल्या काजूगरांची उसळ. खाली ठरलेली ओळ असते, 'आपली अस्सल कोकणी परंपरा'. उसळ अस्सल आहे याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमचं घर सिंधुदुर्गातलं, मीही ती वाडगाभर खातो. पण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुना कोड समोर आला की हा कुणी लिहिला, कधी लिहिला आणि त्याआधी इथे काय होतं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच सवयीने मी या उसळीचा माग काढत मागे गेलो.

ज्यांनी ओले काजूगर पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानात मिळतो तो काजू वाळलेल्या बीचा. ओला गर म्हणजे बी अजून हिरवी असतानाच काढलेला. परसातल्या झाडाखालून बिया आणायच्या, उभ्या चिरायच्या, आतला गर काडीने अलगद सोडवायचा, गरम पाण्यात टाकून वरची साल काढायची. मग फोडणी, ओल्या खोबऱ्याचं वाटण, मिरची, थोडा गूळ, दोन आमसुलं. काही घरांत हेच गर कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या भाजीत पडतात. ती भाजी तर आणखी भारी.

आता त्या पातेल्यात नीट बघा. फणस आणि कोकम सह्याद्रीच्या कुशीतले. नारळ या किनाऱ्यावर फार जुना. पण मिरची अमेरिकेतली आणि काजू ब्राझीलचा. साडेपाचशे वर्षांपूर्वी कोकणातल्या कुठल्याही परसात काजूचं झाड नव्हतं.

काजूचा पत्ता त्याच्या नावातच आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपी लोक या फळाला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीज तिथे 1500 साली पोचले, त्यांनी त्याचं 'काजू' केलं, आणि तोच शब्द जहाजातून आपल्याकडे आला. मिरचीचं नाव आपण आपल्या मिरीवरून पाडलं, काजूचं मात्र आहे तसंच ठेवलं. पोर्तुगीज वसाहतीत तुपी लोकांची वाताहत झाली. ती जुनी किनारी तुपी आज कुणाची मातृभाषा नाही. तिची एक लेकभाषा अमेझॉनच्या खोऱ्यात अजून बोलली जाते. आणि एक शब्द आपल्या आठवडी बाजारात रोज ओरडला जातो.

पण काजू आपल्याकडे आला नेमका कधी? इथे मला दोन पुस्तकं सापडली, आणि दोन व्हर्जनमधला फरक बघावा तशी ती शेजारी ठेवून बघता येतात.

पहिलं गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं. पोर्तुगीजांनी गोवा 1510 साली घेतला, हा वैद्य 1534 साली तिथे आला, आणि 1563 साली त्याचं भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. त्यात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे. काजू नाही. दुसरं पुस्तक क्रिस्तोव्हाँव द कॉस्ता याचं, 1578 सालचं. त्यात काजू आहे, आणि तो कोचीतल्या बागांमध्ये वाढलेला आहे. जंगलात नाही, मळ्यात नाही, बागेत. म्हणजे आज ज्याचे आपण एकरांनी हिशेब करतो, ते झाड आपल्या लिखित इतिहासात आलं ते बागेतलं झाड म्हणून.

ऑर्ताच्या पुस्तकात काजू नसला तरी एक ओळखीचं झाड आहे, आणि मला खरी गंमत तिथे वाटली. त्याने एक पूर्ण प्रकरण 'अनाकार्डो' या फळावर लिहिलंय. अनाकार्डो म्हणजे आपला बिब्बा. धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत तोच. पुढे 1753 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना नावं देताना बिब्ब्याचं हे जुनं नाव उचललं आणि काजूला दिलं: अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. म्हणजे जगभरातल्या काजूच्या शास्त्रीय नावात आपला बिब्बा बसलाय.

हा योगायोग नाही. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच. बिब्ब्याचं फळ आठवा. वर नारिंगी गरदार भाग, तो सुकवून आपण बिब्ब्याची फुलं म्हणून खातो. खाली काळी बी, तिच्या कवचात अंग भाजणारं तेल. आणि त्या बीच्या आत गोडंबी, जी डिंकाच्या लाडवात पडते. आता काजू: वर रसाळ बोंडू, खाली बी, कवचात अंग भाजणारं तेल, आत गोड गर. आराखडा तोच, आकार मोठा.

म्हणून माझा अंदाज असा: काजू इथल्या स्वयंपाकघरात रुळला, कारण तो हाताळायची विद्या इथे आधीच होती. ज्या बाईला बिब्बा फोडून गोडंबी काढता येत होती, तिला या परक्या बीची भीती वाटायचं कारण नव्हतं. कवचाला जपून हात लावायचा, हाताला तेल किंवा राख फासायची, गर मात्र सोडायचा नाही. हे तिला कुणा वैद्याने सांगायची गरज नव्हती. पाहुणा आला, पण त्याच्यासाठी पाट आधीच मांडलेला होता.

या बाईचं नाव कुठेच नाही. ऑर्ताचं पुस्तक संवादरूपात आहे. दोन विद्वान पुरुष बोलत बसतात आणि मधेच अंतोनिया नावाची दासी हवा तो पाला किंवा फळ आणून देते. झाड ओळखून, तोडून आणणारी ती. ग्रंथ मात्र ऑर्ताचा. काजूच्या इतिहासातही तसंच. वैद्य, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी सगळ्यांची नावं सालांसकट मिळतात. हिरवी बी चिरून तिची उसळ करावी हे पहिल्यांदा जिला सुचलं, तिची नोंद नाही. कोडमध्ये एवढा मोठा बदल करणाऱ्याचं नाव गायब असतं, तर आमच्या टीमने आकाशपाताळ एक केलं असतं.

तिची नोंद कागदावर नाही, पण हातांवर आहे. माझ्या आजीच्या बोटांची कातडी हंगामात काळी पडायची आणि सोलून निघायची. खोबरेल लावून ती पुन्हा विळीवर बसायची. आम्हाला उसळीची चव पाठ होती, तिचे हात आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. आज ओले गर शहरात सोललेले, स्वच्छ पिशवीत मिळतात, आणि महाग आहेत म्हणून आपण कुरकुरतो. पण ही बी सोलायला अजूनही बहुतेक ठिकाणी माणसाचेच, त्यातही बायकांचेच हात लागतात. कोकणच्या बाजारात गर शेकड्यावर विकतात, वजनावर नाही. मला ते फार योग्य वाटतं. शंभर गर म्हणजे शंभर वेळा चीक चुकवलेला हात.

तेव्हा 'अस्सल परंपरा' म्हणायला हरकत नाही. फक्त अस्सल म्हणजे कायमचं इथलंच, असा अर्थ नको. ब्राझीलची बी, बिब्ब्याची विद्या, सह्याद्रीचं कोकम आणि नाव न उरलेल्या बायकांची बोटं, एवढं सगळं मिळून ती उसळ होते. पुढच्या हंगामात बाजारात कुणी मावशी पानावर गर मांडून बसल्या असतील, तर भाव पाडायच्या आधी एकदा त्यांच्या हातांकडे बघा.