अडीच किलोंची टर्की आणि चारशे वर्षांचं जेवण

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला आम्ही सहा जण होतो. हौसेनं चौदा पौंडांची, म्हणजे साडेसहा किलोंच्या आसपासची, अख्खी टर्की आणली. चार तासांनी ओव्हनमधून काढली तेव्हा छातीचं मांस भुशासारखं कोरडं आणि मांडीजवळ अजून गुलाबी. शेवटी तिचे तुकडे करून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा केला आणि भाताबरोबर चार दिवस खाल्ला.

यंदा आम्ही दोघंच. बाकीचे पांगले, कुणी दुसऱ्या शहरात, कुणी कायमचं पुण्याला. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या रूममेटची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर सामान बांधायचं. फ्रीजच्या दारावर त्यानं एक कागद चिकटवलाय. रोज सकाळी चहाच्या आधी एक आकडा खोडतो. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार म्हणजे बाविसावा दिवस.

"सण कसला करतोस? मूड नाही यार," तो म्हणाला.

"छोटा करू," मी म्हणालो, आणि अख्ख्या पक्ष्याऐवजी नुसती छाती घेऊन आलो. हाडासकट अडीच किलो.

आदल्या रात्री तिला मीठ चोळून, उघडीच फ्रीजमध्ये ठेवली आणि वाचत बसलो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कोड लिहितो. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. फाइलमधली कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते ती दाखवते. ज्या सणाची दरवर्षी सुट्टी घेतो, त्याच्यावर ती एकदा चालवून बघावी असं वाटलं.

नाव कुणाचं, गाव कुणाचं

फोनवर आईला सांगितलं, टर्की भाजतोय. ती म्हणाली, "टर्की म्हणजे तो देश ना रे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच पाळला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्लंडमध्ये तेव्हा पूर्वेकडचा माल तुर्की प्रदेशांशी व्यापार करणाऱ्यांमार्फत यायचा. आफ्रिकेतला गिनी फाउलही याच वाटेनं आलेला होता आणि 'टर्की कॉक' म्हणून ओळखला जायचा. नवा पक्षी त्याच्यासारखा दिसला, म्हणून तेच नाव चिकटलं.

गंमत म्हणजे खुद्द तुर्कस्तानात या पक्ष्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचमध्ये तो 'दँद', म्हणजे 'इंडियातला'. डच लोकांनी तर थेट आपलं कालिकत पकडलं, ते म्हणतात 'काल्कून'. पोर्तुगीजांनी त्याला 'पेरू' केलं, दक्षिण अमेरिकेतल्या देशावरून. आपल्याकडे अमेरिकेतूनच आलेलं एक फळ पेरू झालं, तेही त्याच देशाच्या नावावरून असं मानतात. पोर्तुगीज माणसानं बाजारात 'पेरू' मागितला आणि मराठी दुकानदारानं फळ पुढे केलं, तर चूक कुणाचीच नाही.

थोडक्यात, सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की हा परका आहे. कुठला परका, याबद्दल एकमत नव्हतं.

गोव्यातून आग्र्याला

यात आपलाही एक धागा आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याला गेला होता. बादशहाचा हुकूम होता की पोर्तुगीजांकडे जे काही दुर्मिळ दिसेल ते किमतीची फिकीर न करता आण. त्यानं आणलेल्या प्राण्या-पक्ष्यांमध्ये एक टर्की होता.

जहांगीर त्याच्यावर बेहद्द खूश झाला. आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्यानं या पक्ष्याचं बारकाईनं वर्णन केलंय: आकारानं लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा सतत बदलणारा, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजी. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढवून घेतली नाहीत, याचीही तो नोंद करतो आणि चित्रकारांना कामाला लावतो. उस्ताद मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. फोनवर उघडून बघा. पिसान् पीस मोजता येतं.

आता ते साल पुन्हा बघा. १६१२. अमेरिकेतलं ते प्रसिद्ध 'पहिलं थँक्सगिव्हिंग' व्हायला अजून नऊ वर्षं होती. म्हणजे प्लिमथमध्ये पंगत बसण्याआधीच हा पक्षी गोव्याच्या बंदरातून मुघल दरबारात पोचलेला होता.

१६२१

त्या पंगतीबद्दल समकालीन पुरावा म्हणावा असा मजकूर अगदी थोडा आहे. एडवर्ड विन्स्लो नावाच्या वसाहतवाल्यानं डिसेंबर १६२१ मध्ये लिहिलेल्या पत्रातल्या काही ओळी. पीक घरात आल्यावर चौघांना पाखरं मारायला पाठवलं, त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील एवढी आणली. मॅसॅसॉइट हा वॅम्पनोअग लोकांचा प्रमुख नव्वद माणसं घेऊन आला. तीन दिवस खाणंपिणं चाललं. पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. टर्कीचं नाव त्यात नाही. बदकं किंवा हंसही असतील. त्या हंगामात रानटर्की भरपूर मिळाल्याचं गव्हर्नर ब्रॅडफर्डनं लिहिलंय, पण ते या जेवणाबद्दल नाही.

मी 'पाहुणे' लिहिलं आणि थांबलो. पाहुणे कोण होते?

'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी आले होते. पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे मेले. म्हणजे यजमान म्हणवणारे पन्नासेक आणि 'पाहुणे' नव्वद. शिवाय ज्या जागेवर प्लिमथ वसलं, ते मुळात पटक्सेट नावाचं वॅम्पनोअग गाव होतं. १६१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीनं ते ओस पडलं होतं. तिथला टिस्क्वांटम नावाचा एक माणूस साथीतून वाचला, कारण त्याला १६१४ मध्येच एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून तो लंडनला पोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये गावी परतला तर गाव उरलेलंच नव्हतं. पुढे त्यानंच त्या नवख्या लोकांना मका कसा लावायचा ते शिकवलं.

मॅसॅसॉइटनं त्यांच्याशी तह केला तोही निव्वळ चांगुलपणातून नाही. साथीनं त्याची माणसं संपत आली होती आणि शेजारचे नॅरागॅन्सेट बळकट होते. बंदुका असलेला मित्र त्याला हवा होता. त्याच्या हयातीत तो तह टिकला. त्याचा मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये त्याच वसाहतींविरुद्ध लढायला उभा राहिला. पुढच्या वर्षी तो मारला गेला. त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये अनेक वर्षं खांबावर टांगलेलं होतं. पकडलेल्या कित्येकांना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकलं.

सण बनवणारी बाई

मग त्या तीन दिवसांचा सण झाला कसा? विन्स्लोचं पत्र जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. १८४१ मध्ये ते पुन्हा छापताना अलेक्झांडर यंग या संपादकानं तळटीप टाकली की हे न्यू इंग्लंडमधलं पहिलं थँक्सगिव्हिंग. एवढा मोठा सण एका तळटिपेवर उभा आहे.

पण त्याला पंगत, ताट आणि टर्की दिली ती सारा जोसेफा हेल या बाईंनी. इंग्रजी बालवाडीत गेलेल्या प्रत्येकाला त्या ठाऊक आहेत. 'मेरी हॅड अ लिटल लँब' त्यांचंच. तरुणपणी नवरा गेला, पाच मुलं पदरात. लिहून घर चालवलं. १८२७ मधल्या त्यांच्या 'नॉर्थवुड' कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं प्रकरण आहे आणि त्यात टेबलाच्या मानाच्या जागी भाजलेली टर्की आहे. पुढे एका मोठ्या स्त्रीमासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली, की साऱ्या देशाचा हा एकच दिवस असावा. १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकननं ऐकलं. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरला. त्या घोषणेत १६२१ च्या पंगतीचा उल्लेखही नाही. देश फुटत होता आणि सगळ्यांनी एका दिवशी जेवायला बसावं एवढीच गरज होती. १९४१ मध्ये संसदेनं चौथा गुरुवार कायम केला.

प्लिमथची गोष्ट या जेवणाला घट्ट बांधली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, जेव्हा युरोपातून लाखो स्थलांतरित येत होते. त्यांच्या मुलांना शाळेत ही गोष्ट शिकवली जायची: आम्हीही असेच बोटीतून आलो, आमचंही असंच स्वागत झालं.

छातीचं इंजिनिअरिंग

टर्की भाजताना चुकतं का, याचं उत्तरही इतिहासातच सापडलं. टर्की पायांनी दिवसभर चालते. तिथे चिवट तंतू असतात आणि ते मऊ व्हायला ८० अंशांच्या आसपास उष्णता लागते. छातीचे स्नायू क्वचित, थोडा वेळ उडण्यापुरते. ते ७० अंशांच्या पुढे गेले की पिळल्यासारखं पाणी सोडतात. म्हणजे दोन रिक्वायरमेंट्स आणि नॉब एकच. त्यात विसाव्या शतकातल्या पैदाशीनं छाती इतकी वाढवली की आजच्या व्यापारी टर्कीला नैसर्गिक समागमही जमत नाही. अंडी फळतात ती कृत्रिम रेतनानं. पिसं पांढरी निवडली, कारण काळ्या पिसांची मुळं सोललेल्या कातडीवर डाग सोडतात.

लहान कुटुंबाचा विचार कुणी केलाच नव्हता असंही नाही. १९३० च्या दशकात मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रानं छोट्या घरांसाठी, छोट्या ओव्हनसाठी एक छोटी पांढरी टर्की तयार केली. काही वर्षं ती जोरात खपली. पण मोठा पक्षी पाळणं आणि विकणं जास्त फायद्याचं होतं, आणि मोठ्या पक्ष्याचे भाग करून विकता येतात हे लक्षात आलं. छोटी टर्की मागे पडली. मी आणलेली अडीच किलोंची छाती ही त्या हरलेल्या पक्ष्याच्या जागी आलेली वस्तू आहे.

गुरुवार

आम्ही बॉस्टनजवळ राहतो. प्लिमथ तासाभरावर. तिथे कोल्स हिल नावाच्या टेकाडावर दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या दुपारी 'राष्ट्रीय शोकदिन' पाळतात. १९७० मध्ये वसाहतीच्या साडेतीनशेव्या वर्षी वॅम्पनोअग असलेल्या वॉम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं होतं. आयोजकांनी आधी भाषण वाचलं आणि ते असंच करू देणार नाही म्हणाले. त्यांनी बदललेलं भाषण करायला नकार दिला आणि या टेकाडावर येऊन उभे राहिले. तेव्हापासून हे चालू आहे.

आम्ही गेलो. मॅसॅसॉइटच्या पुतळ्यापासून जरा लांब, गर्दीच्या मागे उभे राहिलो. वारा बोचत होता. समोर समुद्र. बराच वेळ रूममेट काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "याने त्यांना साठ दिवस दिले असते तर?"

मी हसलो, आणि लगेच हसणं आवरलं. परतताना गाडीत तोच म्हणाला, "पण आपण मॅसॅसॉइट नाही रे. आपण पण बोटीतलेच. फक्त उशिरा आलोय, आणि कागद घेऊन." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

घरी येऊन ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर, म्हणजे १६० सेल्सियसच्या थोडा वर लावला. मिठानं आपलं काम रात्रीतच केलं होतं: आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांस परत पितं आणि धरून ठेवतं. कातडीखाली लोणी, लसूण, मिरपूड. वरून रूममेटच्या आईनं पाठवलेला गोडा मसाला, त्याच्या हट्टानं. सरकारी नियम ७४ अंशांचा आहे. आम्ही ७१ ला बाहेर काढली आणि वीस मिनिटं तशीच ठेवली. आतली उष्णता उरलेले तीन अंश स्वतःच चढते. थर्मामीटरवर ७४ दिसलं तेव्हा कापली.

रस बशीत उतरला. गेल्या वर्षी एक थेंब नव्हता.

त्यानं दोन वेळा मागून घेतली. आईला व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवलं. तिला नोकरीचं अजून सांगितलेलं नाही. "मसाला पुरतोय ना रे?" तिनं विचारलं. "पुरतोय," तो म्हणाला.

उरलेलं मांस डब्यात भरलं, हाडं सूपसाठी पातेल्यात टाकली. सोमवारी त्याची एक मुलाखत आहे. शुक्रवारी सकाळी मी उठलो तेव्हा चहा तयार होता आणि फ्रीजवरच्या कागदावर तेविसावा आकडा खोडलेला होता.