रुपयाचे दोन भाव : परळचा बाजार आणि लंडनची खानावळ

१/ ‘गोव्यापेक्षा थायलंड स्वस्त पडते’ आणि ‘लंडनमध्ये चहाच्या एका कपाला तीनशे रुपये मोजावे लागतात’ ही दोन्ही विधाने आपण वारंवार ऐकतो. दोन्हींच्या मुळाशी एकच हिशेब असतो : परदेशातील किंमत घ्यायची आणि तिला त्या दिवशीच्या विनिमय दराने गुणायचे. हा गुणाकार चुकीचा नाही. पण तो अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा कोणता, हे दीडशे वर्षांच्या इतिहासातून पाहू.

२/ आरंभ पनवेलजवळच्या कोन गावापासून करू. जुना मुंबई-पुणे रस्ता पनवेल सोडून कोनवरून पुढे चौककडे जातो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट याच चौकहून डोंगर चढून माथेरानला पोहोचले. पुढे तेथे बंगले उठले आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर जाऊ लागली. मुंबईतील गोऱ्या साहेबाला विलायतेचा गारवा जवळच मिळाला.

३/ पण माथेरान म्हणजे काही विलायत नव्हे. साहेबाची लांब रजा, मुलांची शाळा, वृद्ध आईवडील आणि निवृत्तीनंतरचे घर हे सारे इंग्लंडात होते. पगार मात्र रुपयांत. १८७० च्या दशकाच्या आरंभी रुपया सुमारे २ शिलिंगांचा होता, म्हणजे १०० रुपये घरी पाठवले की १० पौंड पोहोचत. पुढे जगभर चांदीचा भाव कोसळला आणि चांदीचा रुपयाही तिच्यासोबत घसरला. १८९२-९३ मध्ये तो सुमारे १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. आता त्याच १०० रुपयांचे जेमतेम सव्वासहा पौंड होऊ लागले.

४/ येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पौंडांत मोजलेला रुपया जवळजवळ चाळीस टक्क्यांनी खाली आला होता, पण हिंदुस्थानच्या बाजारात त्याची खरेदीशक्ती त्या प्रमाणात घटली नव्हती. साहेबाचा स्वयंपाकी, माळी, घोडेवाला, माथेरानचा हमाल यांचे पगार रुपयांतच ठरत. म्हणजे एकाच नाण्याला दोन किमती होत्या : एक हुंडीच्या बाजारातली आणि दुसरी भाजीच्या बाजारातली. साहेबाचे हाल पहिल्या किमतीने केले, दुसऱ्या किमतीने नव्हे.

५/ सरकारने यावर दोन उपाय केले. जून १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद झाल्या. काही वर्षांत रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला. त्याच वर्षी युरोपीय अधिकाऱ्यांना विनिमयातील नुकसानीबद्दल भत्ता मंजूर झाला. हा भत्ता हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जाई, म्हणून राष्ट्रीय सभेने त्याचा निषेध केला. साहेबाच्या विलायती खर्चातील तूट भरून काढण्याचे ओझे अखेर येथील करदात्यावर पडले.

६/ आता याच वाटेने उलट्या दिशेला गेलेला एक प्रवासी पाहू. भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ती दरमहा साडेअकरा पौंड होती. रक्कम पौंडांत ठरलेली असल्यामुळे रुपयाच्या चढउताराची झळ त्यांना थेट लागली नाही. पैशाची ओढ मात्र होतीच. त्यातूनच वाचवून ते घरी पाठवीत.

७/ १९२० साली ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला निघाले, तेव्हा परिस्थिती निराळी होती. शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजातील ४५० रुपयांच्या पगारातून राखलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढी पुंजी होती. सगळी रुपयांत.

८/ नेमका हाच काळ रुपयाच्या इतिहासातील सर्वांत वादळी काळांपैकी एक होता. महायुद्धामुळे चांदी महागली. नाण्यातील चांदीच नाण्याच्या दर्शनी किमतीहून मोलाची होऊ लागली. १९१७ पासून सरकार दर चढवीत गेले आणि फेब्रुवारी १९२० मध्ये रुपया २ शिलिंग १० पेन्सांच्या घरात पोहोचला. मग व्यापाराचे पारडे फिरले. दर टिकवण्यासाठी सरकारने लंडनवरच्या हुंड्या तोट्यात विकल्या, पण रुपया घसरतच गेला. १९२१ मध्ये तो १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली उतरला.

९/ आता ५,००० रुपयांचा हिशेब करा. २ शिलिंगांच्या दराने त्यांचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सांच्या दराने सुमारे ३३३ पौंड. कर्ज तेच, फेड तीच, पण लंडनच्या घरमालकिणीला देण्यासाठी हाती येणारी रक्कम एक तृतीयांशाने कमी. मुंबईहून मागाहून पैसे मागवावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला ही घसरण थेट पोटाला जाणवे. आणि त्याला नुकसानभरपाईचा भत्ता कोण देणार?

१०/ चरित्रकारांनी त्यांच्या लंडनमधील दिनक्रमाची नोंद केली आहे : सकाळी पावाचा तुकडा आणि एक कप पेय, दुपारचे जेवण बहुधा नाहीच, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, भाडे वाचवण्यासाठी पायपीट आणि रात्री भुकेला भाजलेल्या पापडाचा आधार. १९२१-२२ मध्ये ते ज्या १०, किंग हेन्रीज रोड येथे राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे.

११/ इकडे रमाबाई परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत संसार रेटत होत्या. भोवतालच्या गिरणगावाचे चित्र सरकारी आकड्यांतच पाहता येते. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कार्यालयाने श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न निघाले ५२ रुपये ४ आणे ६ पै. निम्म्याहून अधिक रक्कम अन्नावर जाई. शंभरातील सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत. आणि अहवालाने नोंदवले की, या श्रमिकांच्या वाट्याला येणारे धान्य मुंबईच्या तुरुंगातील कैद्यांना ठरवून दिलेल्या आहारापेक्षाही कमी होते.

१२/ हेच ५२ रुपये पौंडांत मांडून पाहा. २ शिलिंगांच्या दराने सव्वापाच पौंड, १ शिलिंग ४ पेन्सांच्या दराने साडेतीन पौंड. वर्ष-सव्वा वर्षात गिरणी कामगार कागदावर एक तृतीयांशाने ‘गरीब’ झाला. पण परळच्या वाण्याकडील ज्वारी-तांदळाचा भाव त्या हिशेबाने हलला नव्हता. कामगाराची खरी स्थिती विनिमय दरात दिसत नाही; ती त्याच्या मजुरीत किती धान्य येते, यात दिसते.

१३/ लंडनमध्ये आंबेडकर ज्या प्रबंधावर काम करीत होते, त्याचा विषयही रुपयाच होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. त्यातील एक प्रमुख प्रतिपादन असे : परकीय चलनाशी रुपयाचा दर बांधून टाकला म्हणजे रुपया स्थिर झाला, असे नव्हे. देशातील सर्वसाधारण वस्तूंच्या संदर्भात त्याची खरेदीशक्ती टिकली पाहिजे. जॉन मेनार्ड केन्स यांनी ज्या विनिमयाधारित चलनपद्धतीचे समर्थन केले होते, तिच्यावर या तरुण अभ्यासकाने नेमका येथेच घाव घातला.

१४/ त्यांचा आणखी एक मुद्दा आजही विसरता कामा नये. रुपया घसरला की निर्यातदाराला लाभ होतो, असे म्हणतात. पण तो लाभ येतो कोठून? किमती आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते. म्हणजे एका वर्गाची कमाई दुसऱ्या वर्गाच्या ताटातून होते. हेच आपल्या ‘स्वस्ताई’लाही लावून पाहावे. मायदेशी केशकर्तन, घरकाम, रिक्षा, हॉटेलातील सेवा स्वस्त असण्याचे एक मोठे कारण ते काम करणाऱ्यांची मजुरी कमी आहे, हे होय.

१५/ पुढे अर्थशास्त्राने या दुसऱ्या किमतीचे मोजमाप पद्धतशीरपणे सुरू केले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने देशोदेशींच्या किमतींच्या तुलनेचा उपक्रम हाती घेतला. २०१७ च्या फेरीत असे आढळले की, अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढे मिळते, तेवढे भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळते. बाजारात मात्र डॉलर तेव्हा सुमारे ६५ रुपयांचा होता. या दोन आकड्यांमधील दरी म्हणजेच रुपयाचे दोन भाव.

१६/ सहलीचा हिशेबही यामुळे उलगडतो. विमानाचे इंधन आणि विमानाचे भाडे डॉलरशी बांधलेले. तेथे आपली खरेदीशक्ती कामी येत नाही. जेवण, खोली, स्थानिक वाहतूक यांचे भाव त्या देशातील मजुरीवर आणि जागेच्या किमतीवर ठरतात. म्हणून मजुरी आपल्याजवळपास असलेल्या आग्नेय आशियात जेवण-वाहतूक परवडते आणि लंडनचा चहा खुपतो. तो चहा देणाऱ्याला मात्र त्या कपासाठी काही मिनिटेच काम करावे लागते. तेव्हा रुपयांत गुणाकार झाला की पुढचा प्रश्न विचारावा : तेथील माणसाला यासाठी किती वेळ राबावे लागते, आणि आपल्याला किती?

१७/ कोनला आज या इतिहासाची दोन टोके शेजारी आली आहेत. याच पनवेल तालुक्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आणि कोनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी व त्यांच्या वारसांसाठी घरे आहेत. २०१६ मध्ये म्हाडाने २,४१७ घरांची सोडत काढली, किंमत ६ लाख रुपये. डॉलरमध्ये ही रक्कम किरकोळ वाटेल. परळच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या आणि १९८२ च्या संपानंतर रोजगार गमावलेल्या कुटुंबाला ती किती वर्षांच्या श्रमांची होती, हे विनिमय दर सांगत नाही.