वेडाचा रकाना : गांजाबद्दल आपण मुलांना काय सांगतो?

गेल्या वर्षीची गोष्ट. अकोल्याला सासुरवाडीचं काम आटोपून अमरावतीला परतत होतो. मूर्तिजापूरच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो, तर समोरून एक तरुण आला आणि त्याने सलाम केला. माझा जुना विद्यार्थी. आता तो याच रस्त्यावर मालाची गाडी चालवतो. कधी संत्री, कधी भाजीपाला, कधी किराणा. लग्न झालंय, एक मुलगी आहे. ऐकून बरं वाटलं.

बोलता बोलता विषय रात्रीच्या खेपांवर आला. "दारूला हात लावत नाही सर, हराम है," तो म्हणाला. मग जरा आवाज खाली करून, "रात को दो दम मारता, बस. गांजा तो झाड का पत्ता है. गाडी आराम से चलती."

मी चिडलो. त्यावर तो हसून म्हणाला, "सर, आपनेच आठवी में बोले थे, गांजा पीने से आदमी पागल होता. पाच साल हो गए. मैं पागल दिखता क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच मी तसं बोललो होतो. दरवर्षी व्यसनमुक्तीच्या दिवशी फळ्याशी उभा राहून बोलतो. माझ्या उस्तादांनी मला सांगितलं, मी मुलांना सांगितलं. 'गांजा पिला की वेड लागतं, नाही नाही ते दिसायला लागतं.' हे वाक्य आलं कुठून, ते शोधायला बसलो आणि थेट सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात पोचलो.

वेडाचं कारण कोण लिहीत होतं?

१८९३ साली लंडनच्या पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, असा समज तेव्हा इंग्लंडात पक्का होता. त्यातून सरकारने एक आयोग नेमला, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत मध्य प्रांतात दीर्घकाळ नोकरी केलेले अँड्र्यू फ्रेझर होते आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन होते. तीन सभासद हिंदी होते : राजा शशीशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहाल चंद. मुसलमान एकही नव्हता, हेही नोंदवून ठेवू.

या आयोगाने ७० प्रश्नांची यादी काढली आणि देशभरात १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं. १८९४ साली अहवाल सात खंडांत पुरा झाला. सातव्या खंडात मुंबई आणि सिंधच्या जोडीला वऱ्हाडच्या साक्षी आहेत. तेव्हा वऱ्हाड निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा, आणि जिल्हे सहा : अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम, वणी. सातपुड्याच्या पलीकडे निमाडातल्या खांडवा तहसिलीत सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. म्हणजे हा विषय कुठल्या परक्या मुलखाचा नव्हता, आपल्या शेजारच्या शिवारातला होता. चिलीम मठातही फिरायची आणि फकिरांच्या तकियावरही.

या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १,३४४ रोगी दाखल झाले. त्यांतल्या २२२ जणांच्या वेडाचं कारण गांजा, भांग किंवा चरस असं लिहिलेलं होतं. शंभरात सोळा-सतरा. आकडा मोठा आहे. पण आयोगाने एक साधा प्रश्न विचारला, हे कारण लिहिलं कोणी?

उत्तर असं निघालं की बहुतेक वेळा डॉक्टरने लिहिलंच नव्हतं. वेडा माणूस सापडला की पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेत. सोबत एक छापील तक्ता असे. नाव, जात, वय, धंदा आणि 'वेडाचं कारण'. शिपाई नातेवाइकांना किंवा गावकऱ्यांना विचारायचा, हा गांजा प्यायचा का? कोणी 'हो' म्हटलं की रकाना भरला. तोच तक्ता इस्पितळाच्या वहीत उतरायचा, वहीतून वार्षिक अहवालात जायचा आणि अहवालातून लंडनला. जो शब्द एका शिपायाने अंदाजाने लिहिला, तो वरपर्यंत पोचेस्तोवर शास्त्र झाला.

आयोगाने हे २२२ रोगी एकेक करून पुन्हा तपासायला लावले. घरची माणसं शोधली, गावात चौकशी केली. कुणाच्या घराण्यात आधीपासून वेड होतं, कुणाला दुसरा आजार होता, कोणी वेड लागल्यानंतर गांजा प्यायला लागला होता. शेवटी उरले ९८. त्यांतही निव्वळ गांजा-भांग हे कारण धरता येईल असे ६१. बाकीच्यांत दुसरीही कारणं मिसळलेली होती.

आयोगाचा निष्कर्ष थोडक्यात असा. बेताने घेणाऱ्यांच्या डोक्यावर फारसा वाईट परिणाम दिसत नाही. अतिरेक करणाऱ्यांचं नुकसान होतं, आणि ज्यांचं मन आधीच डळमळीत आहे त्यांचा तोल हा नशा आणखी घालवतो. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. रॉय आणि निहाल चंद यांनी मात्र आपलं वेगळं मत जोडलं. आणि सरकारला गांजावर अबकारी उत्पन्न मिळत होतं, हे विसरून हा अहवाल वाचता येणार नाही. तरीही रकान्याची ती चौकशी प्रामाणिक होती, असं माझं मत झालं.

म्हणजे माझा विद्यार्थी बरोबर होता का? अर्धाच.

बसल्या जागी पोर्तुगाल

नाही नाही ते दिसतं का, या प्रश्नाचा एक फार जुना किस्सा गोव्यातून मिळतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. ओर्ता सांगतो की गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम अफोन्सो द सौझा या पोर्तुगीज सरदाराजवळ मन मोकळं करायचा. तो म्हणाला होता, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावंसं वाटलं की थोडी भांग घेतली म्हणजे झालं.

यात थोडी गंमत आहे आणि बरंच सत्यही. गांजातला मुख्य पदार्थ टीएचसी. इस्रायलमधल्या गाओनी आणि मेशुलम यांनी १९६४ साली तो वेगळा काढून त्याची रचना सांगितली. तो मेंदूत जातो तेव्हा वेळ ताणल्यासारखी वाटते, रंग आणि आवाज ठळक होतात, अंतराचा अंदाज बिघडतो, ध्यान एका जागी राहत नाही. नसलेला माणूस दिसणं, नसलेला आवाज ऐकू येणं हे थोड्या मात्रेत सहसा होत नाही. मात्रा जास्त झाली, माल कडक निघाला, माणूस नवखा असला किंवा त्याच्या मनात आधीपासून दुबळेपणा असला तर मात्र होतं. भांगेचं आणखी एक आहे. चिलमीचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटात गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात.

पोरांच्या वयाचा मुद्दा याहून गंभीर आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांची पुढची पंधरा वर्षं पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९८७ साली आले. भरतीच्या वेळेपर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. सहापट म्हणजे सगळ्यांना नव्हे. त्यांतल्याही बहुतेकांना हा आजार झाला नाही. आणि आजाराकडे झुकलेली मुलंच गांजाकडे जास्त वळतात का, हा वाद अजून आहे. पण कोणाच्या नशिबात काय आहे ते आधी कळत नाही. जितकं लहान वय, जितका रोजचा नाद, तितका धोका जास्त, एवढं आज स्पष्ट आहे.

रस्ता मात्र खरा आहे

१८९४ च्या अहवालात एक गोष्ट असणं शक्यच नव्हतं. तेव्हा वऱ्हाडात मोटार नव्हती. गांजा ओढलेला गाडीवान छकड्यात झोपला तरी बैल घरी पोचवायचे. बहादूरशहा तर गादीवर बसूनच इराणला जाऊन यायचा.

माझा विद्यार्थी ज्या रस्त्याने जातो, तो २०२२ च्या जून महिन्यात जगभर गाजला होता. अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. नशेत ब्रेकवर पाय जायला समजा अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ११ मीटर जास्त जाते. लाइट नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा रस्ता ओलांडणारी म्हातारी त्या ११ मीटरमध्ये असते.

गाडी चालवण्यावर परदेशांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. गांजा घेतलेल्याची गाडी आपल्या लेनमध्ये सरळ राहत नाही. अचानक काही समोर आलं तर प्रतिसाद उशिरा येतो. दारुड्याला आपण फार छान चालवतोय असं वाटतं आणि तो वेग वाढवतो. गांजेकस उलट वेग कमी करतो. 'आराम से चलती' हे त्याचं वाटणं इथून येतं. पण हळू चालवून सगळी कसर भरून निघत नाही. अपघाताचा धोका दारूइतका नाही, तरी वाढतो. काही अभ्यासांत तो जवळपास दुप्पट दिसला, काहींत त्याहून कमी. दारू आणि गांजा दोन्ही एकत्र असले तर सर्वांत वाईट. आणि हा परिणाम चिलीम विझल्याबरोबर संपत नाही, काही तास राहतो. त्यात गांजाने झोप उडत नाही, उलट सुस्ती येते. रात्रीच्या खेपेला ही गोष्ट एकटीच पुरेशी आहे.

कायद्याचं म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूसोबत अमली पदार्थांनाही लागू आहे. दारूसाठी आकडा ठरलेला आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अमली पदार्थांसाठी गाडीवर ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल, असं मोघम वर्णन आहे. इथे मला पुन्हा तो जुना रकाना आठवतो. गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस सापडतात, रोज ओढणाऱ्यात कित्येक आठवडे. लघवीच्या तपासणीत ते दिसले म्हणजे माणूस त्या क्षणी नशेत होता असं ठरत नाही. १८९२ साली शिपायाच्या शब्दावरून वेड ठरत होतं, आज एका कागदावरून माणसाचं ठरू नये. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांवर 'चरसी' हा शिक्का किती सहज बसतो, ते मला सांगायला नको.

हराम आहे, तर खोटं कशाला?

आता दीनचा मुद्दा. दारू हराम, पण गांजा 'कुदरती', ही पळवाट आपल्याकडे नवी नाही. हशीश इस्लामी जगात मोठ्या प्रमाणावर पसरली तेव्हा हाच वाद झाला होता. कुरआनात तिचं नाव नाही. फुकहांनी कयास केला, नाव कोणतंही असो, नशा आणणारी वस्तू दारूच्याच हुकमात येते. दमास्कसचे इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी कठोर भूमिका घेतली. कैरोच्या झर्कशी (मृत्यू १३९२) यांनी हशीशवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. शिक्षा किती यावर मतभेद राहिले, औषध म्हणून गरजेपुरती मुभा अनेकांनी मानली, पण नशेसाठी ती मनाच आहे यावर बहुतेक उलेमा एकमत झाले. द्राक्षंही कुदरतीच असतात.

यातली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून महत्त्वाची वाटते. ही मनाई अक्लवर उभी आहे. अल्लाहने दिलेली अक्ल थोड्या वेळापुरती का होईना, झाकली जाते, म्हणून मनाई. त्यासाठी प्रत्येक गांजेकस वेडा झाला पाहिजे अशी अट नाही. मग आपण पोरांना घाबरवायला खोटं का सांगतो? मूल गल्लीत बघतं, अमका चाचा वर्षानुवर्षं ओढतो आणि दुकानही नीट चालवतो. त्या दिवशी त्याच्या लेखी सर खोटे ठरतात. आणि एक खोटं पकडलं गेलं की त्याच्यासोबत सांगितलेलं खरंही जातं. माझ्या विद्यार्थ्याचं तेच झालं. 'पागल होत नाही' एवढं त्याला कळलं आणि तो स्टिअरिंगवर निर्धास्त झाला.

मध्ये मी त्याला फोन केला. म्हटलं, बेटा, मी आठवीत चुकीचं सांगितलं होतं. तू पागल होशीलच असं नाही. पण रात्री दोन वाजता, दोन दम मारून, माल भरलेली गाडी चालवताना समोर कोणी आलं तर तुझा पाय वेळेवर जाणार नाही. ज्याचा माल आहे त्याची ती अमानत आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाची जानही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सोचता हूँ सर." सोडलं की नाही, मला ठाऊक नाही. पण या वर्षी आठवीच्या वर्गात मी वेडाचं वाक्य फळ्यावर लिहिलं नाही. ८० किलोमीटरला एका सेकंदात किती मीटर, ते गणित लिहिलं आणि मुलांकडूनच सोडवून घेतलं.