रक्तातल्या लॅक्टेटची कुळकथा

जानेवारी 1843. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये 23 वर्षांची एक पहिलटकरीण सुखरूप बाळंत झाली. पाठोपाठ तिचं पोट फुगून दुखू लागलं, नाडी धावू लागली, आणि दोन दिवसांच्या आत ती गेली. बाळंतज्वराने दगावलेल्या अशा स्त्रियांचं रक्त योहान योझेफ शेरर या डॉक्टरने तपासलं. त्याला रसायनशास्त्राचा नाद होता. त्या रक्तात त्याला लॅक्टिक आम्ल सापडलं; रक्तातल्या त्याच्याच रूपाला आज लॅक्टेट म्हणतात.

आम्ल ओळखीचंच होतं. स्वीडनच्या शेलेने 1780 साली ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं होतं. पुढे बर्झेलियसला ते शिकारीतल्या हरणांच्या स्नायूंत मिळालं. पण आजारी माणसाच्या रक्तात ते शेररनेच प्रथम दाखवलं. व्हिएन्नात सेमेलवाइसने बाळंतज्वर टाळायला डॉक्टरांना हात धुवायला लावले, ते त्यानंतर 4 वर्षांनी. जंतूंचा पत्ता लागण्याआधीच त्यांनी मांडलेल्या संहाराची खूण हाती आली होती. या साऱ्या कथेत मला हेच फार मोठं वाटतं.

ती खूण रुग्णाच्या उशाशी यायला शंभरावर वर्षं गेली. 1970 साली अमेरिकेत वाइल आणि अफिफी यांनी शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णांचा हिशेब मांडला: लॅक्टेट लिटरमागे 2.1 मिलिमोलवरून 8 वर गेलं, की जगण्याची शक्यता 90 टक्क्यांवरून 10 वर येते. मग 2005 मध्ये बॉस्टनच्या कॅज्युअल्टीत जंतुसंसर्ग घेऊन आलेल्या 1278 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅक्टेट अडीचच्या आत असलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के दगावले. 4 किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी 28 टक्के. रक्तदाब ठीक दिसत असतानाही लॅक्टेट चढलेलं असू शकतं, म्हणून या तपासणीचं मोल मोठं.

प्राणवायू कमी पडला की लॅक्टेट वाढतं, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. अंगात ॲड्रेनलिन उसळलं तरी ते वाढतं, यकृत थकलं की साचतं, दमेकऱ्याला साल्ब्युटामॉलची वाफ दिली तरी चढतं. त्यामुळे एका आकड्यावरून रुग्णाचं भवितव्य ठरवू नये. सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर आकडा उतरतोय का, हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी 2 ते 4 तासांनी पुन्हा रक्त घ्यावं लागतं. तेव्हा सिस्टर दुसऱ्यांदा सुई घेऊन आल्या, तर ‘आत्ताच तर घेतलं’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.