अपसामान्य वर्तन

सामान्य मानल्या जाणाऱ्या वर्तनापासून लक्षणीयरीत्या वेगळे असणारे आणि व्यक्तीला अथवा तिच्या भोवतालच्या लोकांना क्लेशदायक किंवा अपायकारक ठरणारे वर्तन म्हणजे अपसामान्य वर्तन होय. अशा वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शाखेस अपसामान्य मानसशास्त्र म्हणतात. या संज्ञेची सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही. त्यामुळे मानसशास्त्रज्ञ अनेक निकष एकत्रितपणे विचारात घेतात. उपचारांची गरज कोणाला आहे आणि कोणाच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालता येतील, हे या निकषांशी निगडित असल्याने त्यांना सामाजिक व कायदेशीर महत्त्वही आहे.

निकष

सांख्यिकीय विचलन : जे वर्तन लोकसंख्येत क्वचितच आढळते ते या निकषानुसार अपसामान्य ठरते. बुद्धिगुणांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरल्यास सुमारे २ टक्के व्यक्तींचा गुणांक ७० पेक्षा कमी येतो. मात्र १३० पेक्षा अधिक गुणांक असणारेही जवळजवळ तितकेच असतात व त्यांना कोणी अपसामान्य मानत नाही. याउलट, नैराश्य पुष्कळांना होत असले तरी ती विकृतीच समजली जाते.

सामाजिक नियमांचे उल्लंघन : समाजाच्या अपेक्षांना सोडून असलेले वर्तन अपसामान्य मानले जाते. परंतु हे नियम स्थळकाळानुसार बदलतात. महाराष्ट्रात देवीच्या उत्सवात ‘अंगात येणे’ हा अनेक ठिकाणी धार्मिक आचाराचा भाग असतो. अशी समूहमान्य अवस्था केवळ तेवढ्यावरून विकृती ठरत नाही.

व्यक्तिगत क्लेश : चिंता, भीती किंवा दुःख यांनी व्यक्ती त्रस्त आहे काय, हे येथे पाहिले जाते. पण उन्मादावस्थेतील रुग्णाला स्वतःला त्रास जाणवेलच असे नाही, आणि आप्तांच्या मृत्यूनंतरचा शोक तीव्र असला तरी स्वाभाविक असतो.

अपसमायोजन : शिक्षण, नोकरी, नातेसंबंध व दैनंदिन व्यवहार पार पाडता न येणे. हात वारंवार धुणे ही साधी सवय असू शकते. मंत्रचळामुळे त्यात रोजचे काही तास जाऊ लागले की ते अपसामान्य ठरते.

धोका : स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता. मात्र मानसिक विकार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात.

यांपैकी कोणताही एक निकष पुरेसा नाही. जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, मानसिक यंत्रणेतील बिघाड आणि त्यामुळे होणारी हानी या दोन्ही गोष्टी असतील तरच विकृती मानावी. बिघाड हा वस्तुस्थितीचा, तर हानी हा समाजाच्या मूल्यांचा प्रश्न आहे.

व्याख्येचा गैरवापर

केवळ सामाजिक नियमांवर आधारलेली व्याख्या दडपशाहीचे साधन बनू शकते. १८५१ मध्ये अमेरिकन वैद्य सॅम्युएल कार्टराइट यांनी गुलामांच्या पलायनाला ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाचा रोग ठरवले. सोव्हिएत संघात राजकीय विरोधकांना मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात डांबले जाई. समलैंगिकतेचाही विकृतींमध्ये समावेश होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आपल्या यादीतून वगळली.

भारतातील कायदा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विचार, भावस्थिती, संवेदन, स्थलकालाचे भान किंवा स्मृती यांतील गंभीर बिघाडामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता अथवा जीवनातील सर्वसाधारण गरजा भागवण्याची क्षमता फार मोठ्या प्रमाणात ढासळणे म्हणजे मानसिक आजार होय. मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक स्थितींचाही त्यात समावेश आहे. हा आजार राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य वैद्यकीय मानकांनुसारच ठरवावा लागतो. व्यक्तीचा सामाजिक, आर्थिक वा राजकीय दर्जा, तिचा धर्म, तसेच समाजातील प्रचलित नैतिक मूल्ये किंवा धार्मिक श्रद्धा न पाळणे, यांवरून तिला मानसिक आजारी ठरवता येत नाही. पूर्वी मानसिक आजारावर उपचार घेतले होते, एवढ्याच कारणावरूनही वर्तमान वा भावी आजार सिद्ध होत नाही.