१२३४५६५४३२१ : एका संख्येचा इतिहास

राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याने प्रजेवरील संकट टळावे म्हणून आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीस अर्पण केले, असा उल्लेख इ. स. ८७१ च्या संजान ताम्रपटात आहे. ही महालक्ष्मी म्हणजे करवीरनिवासिनीच, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. याच राजाची स्तुती ग्रंथारंभी करून जैन गणिती महावीराचार्य यांनी इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. प्रस्तुत टिपणाचा विषय त्यातील एक संख्या आहे.

गुणाकारास महावीराचार्य ‘प्रत्युत्पन्न’ म्हणतात. त्या प्रकरणातील एका उदाहरणात २७९९४६८१ या संख्येस ४४१ ने गुणावयाचे आहे. गुणाकार येतो १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी व तशीच उतरणारी, असे या संख्येचे वर्णन ग्रंथकार करतात. अशा काही गुणाकारांस त्यांनी कंठाभरणाची उपमा दिली आहे.

ही संख्या सहा एकांच्या संख्येचा, म्हणजे १११,१११ चा वर्ग होय. १११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७. त्यामुळे वर्गाचे विभाजक २४३ भरतात. उदाहरणातील दोन्ही गुणकही पूर्ण वर्ग आहेत : ४४१ हा २१ चा, आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा.

विसाव्या शतकात देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १, १२१, १२३२१ अशा वर्गांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले. महावीराचार्यांची संख्या या मालिकेतील सहावी होय. कापरेकरांचे कार्य दशमान अंकांचा खेळ म्हणून अनेकांनी हसण्यावारी नेले. या आक्षेपाची परीक्षा प्रस्तुत संख्येवरच करता येते.

(१ + क्ष + क्ष² + क्ष³ + क्ष⁴ + क्ष⁵) या राशीचा वर्ग केल्यास सहगुणक अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ असे येतात. क्ष = १० घेतल्यास आपली संख्या मिळते; परंतु सात किंवा त्याहून मोठा कोणताही पाया घेतला तरी सहा एकांच्या वर्गाचे अंक हेच राहतात. दशमानात दहा एकांचा वर्ग करताना मात्र हातचा येतो व १२३४५६७९००९८७६५४३२१ असा क्रमभंग होतो. म्हणजे दशमान पद्धती या आकृतीची मर्यादा ठरविते, आकृतीचे कारण ठरत नाही. अवयव मात्र पाया बदलला की बदलतात, कारण मग संख्याच निराळी असते.

यावरून महावीराचार्यांस कापरेकरांचे पूर्वसूरी म्हणावे काय? एका अर्थी म्हणावे. परंतु एकाने उदाहरण दिले, दुसऱ्याने वर्ग कल्पून त्यास नाव दिले, हा भेद इतिहासकाराने पुसू नये. दोघांसही न्याय मिळतो तो या भेदामुळेच.