किनाऱ्यावरील पहारा

बुडणाऱ्यास वांचविण्यासाठीं पाण्यांत उडी घेणारे वीर सर्व देशांत आणि सर्व काळांत झाले आहेत. परंतु कोणी बुडूंच नये म्हणून रोज ठरलेल्या वेळीं, वेतन घेऊन, समुद्राकडे डोळे लावून उभा राहणारा पहारेकरी मात्र पुष्कळ अलीकडचा आहे. शौर्य प्रसंगानें प्रकट होतें; पहारा समाजाला बुद्धिपुरःसर उभा करावा लागतो. गोव्याच्या किनाऱ्याच्या इतिहासांत हा भेद स्पष्ट दिसतो.

भारतांत या कामाची परंपरा मुळींच नव्हती असें नाहीं. जगन्नाथपुरीस समुद्रस्नानाला येणाऱ्या यात्रेकरूंचा हात धरून त्यांना लाटांतून नेणारे नोलिया कोळी त्यांच्या शंकूसारख्या टोपीवरून ओळखले जात. त्यांचें समुद्रज्ञान पिढीजात होतें. पण त्यांचा मोबदला यात्रेकरूकडून मिळे. साऱ्या किनाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

ऑस्ट्रेलियांत ती जबाबदारी लोकांनीं संघटितपणें उचलली. सिडनीच्या परिसरांत दिवसा समुद्रस्नान करण्यास असलेली मनाई विसाव्या शतकाच्या आरंभीं सैल झाली, किनाऱ्यांवर झुंबड उडाली, आणि १९०७ च्या सुमारास बाँडाय येथें स्वयंसेवकांचें रक्षकमंडळ उभें राहिलें. ६ फेब्रुवारी १९३८ रोजीं तेथें लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनीं शेंकडों लोकांना आंत ओढून नेलें. पांच जण दगावले. बाकीचे वांचले; कारण त्यांना वांचविणारीं माणसें अगोदरच वाळूवर हजर होतीं.

गोव्याची परिस्थिति निराळी. १९६१ सालीं गोवा पोर्तुगीज अमलांतून मुक्त झाला आणि पुढील दशकांत कळंगूट, बागा, कोलवा येथें प्रवाशांची रीघ लागली. त्यांतील कित्येकांनीं पूर्वीं समुद्र पाहिलाहि नव्हता. विहिरींत पोहणें शिकलेला मनुष्यहि समुद्रांत फसतो. लाटांनीं किनाऱ्याकडे लोटलेलें पाणी वाळूच्या दांड्यांमधील खिंडारांतून अरुंद, वेगवान प्रवाहानें परत जातें. तेथें लाटा फारशा फुटत नाहींत. म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. ओढला गेलेला मनुष्य प्रवाहाविरुद्ध हात मारतो, दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावें, हें ज्ञान त्या क्षणीं सुचत नाहीं.

२००८ सालीं गोवा सरकारनें दृष्टि या खाजगी कंपनीकडे किनारारक्षणाचें काम सोंपविलें. स्थानिक तरुणांना पोहणें, प्रथमोपचार आणि थांबलेला श्वास पुन्हा चालू करण्याची रीत शिकवून मनोऱ्यांवर नेमण्यांत आलें. तांबडें निशाण म्हणजे पाण्यांत उतरूं नये. तांबड्यापिवळ्या निशाणांच्या मधल्या भागावर पहारा आहे. उडी घेण्याचे प्रसंग येतातच. पण या नोकरीचा मोठा भाग शिटी वाजविण्यांत व न ऐकणाऱ्यांची समजूत घालण्यांत जातो.

असा पहारा उभारण्याहून टिकविणें अवघड. गोव्यांतील रक्षकांनीं, सरकारी सेवेंत कायम करावें म्हणून, वारंवार आंदोलनें केलीं. बांगलादेशांतील कॉक्स बझारचा पहारा ब्रिटनमधील लाइफबोट संस्थेच्या साह्यावर उभा राहिला. परंतु देणगीचा ओघ आटूं लागला कीं असा पहाराहि डळमळतो. मर्यादित उत्पन्नाच्या देशांत शाळा, दवाखाने व रस्ते यांच्या पंक्तींत या खर्चाचें पान शेवटीं वाढलें जातें.

त्या दिरंगाईचें मोल महाराष्ट्रालाहि ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. नौदल व तटरक्षक दल शोधासाठीं धांवून आलें. पण बुडणाऱ्याच्या हातीं कांहीं मिनिटेंच असतात.

समुद्रांतून बाहेर काढलेल्यांचा आकडा अहवालांत येतो. शिटी ऐकून गुडघाभर पाण्यांतून मागें फिरलेल्याची नोंद मात्र कोठेंच होत नाहीं. तो सायंकाळीं घरीं जातो. आपण वांचलों हें त्यालाहि ठाऊक नसतें. पहाऱ्याचें खरें यश याच नोंद न झालेल्या माणसांत आहे, आणि त्याच्यासाठीं दरवर्षीं न चुकतां पैसा काढून ठेवणें हीच त्या पहाऱ्याची कसोटी आहे.